काढलेली नावं

"मग काढू की नको त्याला?"

हरेश्वर कडूने हे तिसऱ्यांदा विचारलं.

गोमाबाबा मिठागराच्या बांधावर खाडीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी मान वळवली नाही.

शिरखारच्या कबड्डी संघाची निवड बावीस वर्षं या म्हाताऱ्याने केली होती. त्या बावीस वर्षांत संघाने अकरा चषक आणले. मग एका चैत्रात त्यांनी निवड सोडली, मिठागराची राखण धरली आणि पुन्हा मैदानात पाऊल टाकलं नाही. त्याला सत्तावीस वर्षं झाली. कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. विचारायलाही कुणी गेलं नव्हतं.

हरेश्वर तालुक्याच्या पोस्टात कारकून होता. स्वतः कधी खेळला नव्हता. लहानपणी दम्याचा त्रास. पण सामना एकही चुकवला नव्हता. दोरीबाहेर उभा राहून अठरा वर्षं तो ओरडत होता, की मंडळाला निवड कळत नाही, थकलेल्या पायांवर सामने घालवतात, नवी पोरं बाहेर बसून वाया जातात. शेवटी मंडळ कंटाळलं. यंदा निवड तूच कर, म्हणालं.

त्याच्या हातात जाड वही होती. तीन तालुक्यांतले चारशे खेळाडू तिच्यात होते.

"आकडे बघा ना, बाबा. गेल्या हंगामात दिगंबरने एकेचाळीस पकडी टाकल्या. तेवीस सुटल्या. उजव्या कोपऱ्यात असा माणूस ठेवून आपण जत्रेचे सामने जिंकणार?"

"गुडघा?"

"गुडघाच. दोन वर्षं झाली. सांगत नाही कुणाला, पण मी बघतो ना. डावीकडे वळताना दात खातो."

"त्याच्या जागी कोण?"

हरेश्वर पुढे सरकून बसला. या प्रश्नाचीच तो वाट बघत होता.

"पलीकडच्या काठावरचा प्रणित. एकोणीस वर्षांचा आहे. घोटा धरला की सोडत नाही. मोठ्या लीगवाल्यांची माणसं दोनदा येऊन बघून गेलीत त्याला. त्याचं मंडळ द्यायला तयार आहे, बदल्यात आपला केवल मागतायत. देऊन टाकू. केवल दोन वर्षांत संपेल. हा दहा वर्षं खेळेल."

"आणखी?"

"नरेन, परशुराम, मोरेश्वर. तिघेही जातील. एकूण पाच. बारा जणांची नवी यादी तयार आहे."

गोमाबाबांनी हात पुढे केला. यादी घेतली. डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचली.

"यादी बरोबर आहे," ते म्हणाले.

हरेश्वरला हसू आलं. त्याने ते लपवलंही नाही.

"मीसुद्धा दिगंबरला काढलाच असता."

"मग मी मंडळात सांगू? की गोमाबाबांनीही हेच सांगितलं म्हणून?"

"दिगंबर तुझा कोण?"

"दोस्त. शाळेत एका बाकावर होतो."

"सांगितलंस त्याला?"

"यादी लागेल ना फळ्यावर. वाचेल."

बाबांनी यादीची घडी घालून परत दिली. मग गुडघ्यांवर हात रोवून उठले.

"चल."

"कुठे?"

"मैदानावर."

हरेश्वरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण म्हातारा बांधावरून चालू लागला होता.

भर दुपारची वेळ होती. सुकलेल्या मिठागराच्या पांढऱ्या वाफ्यांवरून ऊन उलटं डोळ्यांत येत होतं. खाडीकाठच्या तिवरांत एरवी बगळे असतात. त्या दिवशी एकही नव्हता. दोघांच्या सावल्या पायांखाली गोळा झाल्या होत्या.

मैदान रिकामं होतं. गावात दोन लग्नं होती, म्हणून चार दिवस सराव बंद होता.

तरी फक्कीच्या रेषा ताज्या होत्या. मधली रेषा, निदान रेषा, बोनस रेषा, सगळं पांढरं आणि सरळ. कुठे कुत्र्याचं पाऊल नाही, कुठे वाऱ्याने पुसलेलं नाही.

"बाबा, फक्की कुणी मारली?"

बाबा कडेच्या रेषेपाशी थांबले. त्यांच्या पायाचा अंगठा रेषेपासून वीतभर लांब होता.

"आत जा."

"तुम्ही?"

"मी येत नाही. तू जा. अलीकडच्या बाजूला उभा राहा."

हरेश्वर आत गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो या रेषांच्या आत उभा होता. बाहेरून बघताना मैदान केवढंसं वाटायचं. आता पलीकडची रेषा लांब गेल्यासारखी वाटली.

"यादी वाच. मोठ्याने."

हरेश्वरने बारा नावं वाचली. शेवटचं प्रणितचं. आवाज खाडीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"आता काढलेली."

"मोरेश्वर... परशुराम... नरेन... केवल..."

तो थांबला.

"वाच."

"दिगंबर."

काही झालं नाही. हरेश्वरने कपाळावरचा घाम पुसला.

"झालं, बाबा."

"माझी ऐक आता."

गोमाबाबांनी डोळे मिटले. हातात कागद नव्हता. ते एकेक नाव घेऊ लागले. हिराजी. धाया. तुकाराम मोकल. लक्ष्मण, पोशाचा. नामा. काही नावं हरेश्वरच्या ओळखीची होती. एक आता होडीच्या तरीवर बसायचा, एक शिंपी होता, एकाची दशक्रिया गेल्या वर्षी झाली होती. नावं संपेनात. हरेश्वर सवयीने मोजत होता. बेचाळीस झाली.

"आणि निवडलेले, बाबा? ते सांगा की. अकरा चषकवाले."

"ते आठवत नाहीत."

"एकही नाही?"

"नाही."

मग त्यांनी त्रेचाळिसावं नाव घेतलं.

"सुदाम घरत."

पलीकडच्या अर्ध्या मैदानातून आवाज आला.

"हजर."

मोठा नव्हता. शाळेत हजेरी देतात तसा, साधा. हरेश्वरने मान वर करून बघितलं. तिकडे कुणी नव्हतं. ऊन होतं. रेषा होत्या.

"बाबा..."

"हलू नकोस."

"कोण बोललं?"

"उभा राहा तिथेच. सांगतो."

बाबांनी डोळे उघडले होते. ते पलीकडच्या बाजूला बघत होते, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे.

"सुदाम माझा डावा कोपरा. बारा वर्षं. तिशी उलटली, पकडी सुटायला लागल्या. रोह्याकडचा एक पोरगा मिळत होता. चांगला होता."

"नाव काय त्याचं?"

"सांगितलं ना. आठवत नाही... मी सुदामला काढला. त्याला बोललो नाही. फळ्यावर यादी लावली आणि घरी जाऊन जेवलो. त्याने यादी वाचली म्हणतात. दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मैदानात हजर. झाडून घेतलं, फक्की मारली, एकटाच चढाया टाकत बसला. संघ जत्रेला गेला. चषक घेऊन आला. टेंपो परत आला तेव्हाही हा इथेच. मला विचारतो, बाबा, आज सराव किती वाजता?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काही नाही. बाजूने निघून गेलो."

तिवरांत कसलासा आवाज झाला आणि थांबला.

"पावसाळ्यात चिंबोऱ्या पकडायला गेला आणि उधाणाच्या भरतीत अडकला. असं लोक म्हणतात. तिसऱ्या दिवशी सापडला. मी बघायला गेलो होतो. तीन दिवस पाण्यात होता, हरेश्वर. तळपायाला फक्की तशीच होती."

हरेश्वरने आपल्या तळपायांकडे बघितलं.

"त्याला काढायला नको होतं, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"काढायलाच हवा होता. चषक आला ना."

आणि तेवढ्यात ते सुरू झालं.

आधी ते खाडीचं पाणी असावं असं वाटलं. मग शब्द लागला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी... दबक्या, सावकाश सुरात. ज्याला दमाची काळजी नाही, असा माणूस म्हणेल तसा.

पलीकडच्या निदान रेषेपाशी धुळीत एक पाऊल उमटलं. अनवाणी. मग दुसरं. मग डावीकडे तीन, उजवीकडे दोन. धूळ उडत नव्हती, नुसती दबत होती. पावलं मधल्या रेषेशी आली आणि रेषा ओलांडून अलीकडे आली.

हरेश्वरने अठरा वर्षं हजारो चढाया बघितल्या होत्या. कोपऱ्याने केव्हा बसायचं, मधल्याने केव्हा साखळी सोडायची, सगळं त्याला पाठ होतं. दोरीबाहेरून तो ते ओरडून सांगायचा. आता त्याचा पाय जमिनीवरून निघेना. छातीत जुनी शिट्टी वाजायला लागली.

"बाबा, काय करू?"

"तुला माहीत असेल. वही तुझी आहे."

पावलं त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. सूर थांबला नाही. तो त्याच्या कानाशी आला. त्या सुराला खाऱ्या चिखलाचा वास होता.

मग हरेश्वरच्या मनगटाला कुणीतरी हात लावला. नुसता लावला, धरला नाही. गार आणि ओला.

पावलं पाठमोरी होऊन परत गेली. घाई नव्हती. मधली रेषा ओलांडली आणि सूर मंद होत गेला, पण तुटला नाही. पलीकडे कुठेतरी चालूच राहिला.

"बाद," गोमाबाबा म्हणाले. "बाहेर ये."

हरेश्वर बाहेर आला. कसा आला ते त्याला नंतर सांगता येईना. रेषेबाहेर बाबांशेजारी तो मटकन बसला. मनगटावर पाण्याचा डाग होता. शर्टाला पुसला तरी जाईना.

"घरी जातो मी."

"जा की. पण बाद झालेला घरी गेला म्हणून जिवंत होत नाही. आपल्यातल्या कुणीतरी पलीकडे जाऊन गडी मारून यावं लागतं. लहान मुलांनाही माहीत आहे."

"तुम्ही सत्तावीस वर्षं..."

"बाहेर आहे."

ऊन हलेना.

बऱ्याच वेळाने खाडीलगतच्या खाजणाच्या वाटेने एक माणूस येताना दिसला. गुडघ्याला पट्टा, हातात पाण्याचा डबा. जवळ आला तसं हरेश्वरने ओळखलं. दिगंबर होता.

दिगंबरही दचकला. "हरेश? तू या वेळी इथे? ...बाबा, तुम्ही?"

"तू कसा?" हरेश्वरने विचारलं.

दिगंबर ओशाळला. "येतो रोज या वेळी. कुणी नसतं. गुडघा जरा चालवून बघतो. सगळ्यांसमोर लंगडलो तर पोरं घाबरतात."

हरेश्वरच्या खिशात यादी होती. ती काढून हातात द्यावी, असं एकदा त्याच्या मनात आलं. दिगंबर वाचेल, आपण खाली बघू. हात खिशाकडे गेलाही.

मग त्याने तो मागे घेतला.

"दिगू, मी तुला काढलंय."

दिगंबरने गुडघ्याचा पट्टा घट्ट केला.

"यादी मी केली. मंडळाने नाही, बाबांनीही नाही. तुझ्या तेवीस पकडी सुटल्या. प्रणितला घेतोय तुझ्या जागी. मला... मला हेच बरोबर वाटतं. अजूनही."

दिगंबरने डबा खाली ठेवला. मग त्याने नाक ओढलं.

"चोवीस," तो म्हणाला.

"काय?"

"चोवीस सुटल्या. पेणच्या सामन्यातली एक तू लिहिली नाहीस. त्या दिवशी तू पोस्टात होतास." तो थोडासा हसला, पण ते हसू लगेच गेलं. "मला वाटलं होतं, फळ्यावरच वाचावं लागणार. आठवडाभर मी त्या फळ्यावरून जात नव्हतो."

"दिगंबर," गोमाबाबा म्हणाले, "एक चढाई टाक."

"मी पकडीचा माणूस, बाबा. चढाई कधी टाकली?"

"टाक."

"समोर कोण आहे?"

बाबांनी पलीकडच्या बाजूला बोट केलं.

दिगंबरने चपला काढल्या. रेषेला हात लावून कपाळाला लावला आणि आत गेला. मधल्या रेषेवर त्याने दम भरला. कबड्डी, कबड्डी... त्याचा सूर चढल्याबरोबर पलीकडचा दबका सूर मागे सरला. कुणीतरी वाट देऊन बाजूला उभं राहावं, तसा.

तो लंगडत पुढे गेला. बोनस रेषेपाशी एकदम थबकला. मान तिरपी करून त्याने काहीतरी ऐकलं. चेहऱ्याचा रंग उतरला, पण सूर सोडला नाही. हात लांब केला, रिकाम्या हवेत, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग वळला. दुखरा पाय ओढत, दात खात, शेवटचा दम उरला असताना त्याने मधल्या रेषेला हात लावला आणि तिथेच पडला.

"कोण होतं तिथे?" हरेश्वर ओरडला.

दिगंबर धापा टाकत आपल्या बोटांकडे बघत होता. "माहीत नाही. गार होतं काहीतरी... एकटा नव्हता तो, हरेश. मागे रांग होती."

तो उठून बसला. रेषेबाहेर बाद गड्यांसारखे बसलेल्या दोघांकडे त्याने बघितलं. मग आत बसूनच त्याने बाहेर हात केला. हरेश्वर पुढे झाला.

पण हात त्याच्याकडे नव्हता.

"उठा, बाबा," दिगंबर म्हणाला. "आधी बाद झालेला आधी उठतो."

गोमाबाबा उठले. रेषेपाशी आले. मग उजवं पाऊल उचलून त्यांनी आत ठेवलं. सत्तावीस वर्षांनी. आत गेल्यावर त्यांनी खाली बसून जमिनीवर दोन्ही तळवे टेकले आणि तसेच राहिले. त्यांचे खांदे हलत होते. दिगंबरने तोंड दुसरीकडे केलं.

"दिगू, आणखी एक," हरेश्वर म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "माझ्यासाठी. एकच."

दिगंबरने गुडघा दाखवला. पट्ट्याखाली तो भोपळ्यासारखा सुजला होता.

"आता नाही जमायचं."

हरेश्वरने खिशातली यादी चाचपली. मग गावाकडे निघाला.

त्या दुपारी तो चार घरी गेला. परशुरामने ऐकून घेतलं, पाणी दिलं, निरोप देताना मात्र दारापर्यंत आला नाही. केवलने यादी मागून घेतली, तीन वेळा वाचली आणि विचारलं, पलीकडचं मंडळ सराव कुठे करतं. नरेनच्या आईने दार लावून घेतलं. हरेश्वरने बंद दाराबाहेर उभं राहून नरेनला नावाने हाक मारली आणि जे सांगायचं ते सांगितलं. मोरेश्वर हसला. हसत हसत म्हणाला, सुटलो बाबा एकदाचा, आणि हरेश्वर वळणावर पोचला तरी तसाच हसत होता.

यादीत त्याने एक अक्षर बदललं नाही. जाता जाता ती फळ्यावर लावली आणि खाली स्वतःची सही केली.

दिवेलागणीच्या आधी तो मैदानावर परतला. दिगंबर घरी गेला होता. गोमाबाबा एकटेच आत होते. मधल्या रेषेशी मांडी घालून, पलीकडच्या बाजूला तोंड करून बसले होते.

हरेश्वर रेषेबाहेर उभा राहिला. मनगट अजून ओलं होतं.

"सांगून आलो, बाबा. पाचही जणांना. तोंडावर."

बाबांनी मान हलवली.

"आता येऊ आत?"

बाबांनी हातानेच बसायची खूण केली. पाण्यावरचा उजेड विझत चालला होता. पलीकडून सूर येत होता, दुपारी होता तसाच, दबका, सावकाश...

"बाबा, मी किती वेळ बसायचं असं?"

गोमाबाबांनी कान देऊन ऐकलं.

"बस," ते म्हणाले. "सुदामचा दम अजून तुटलेला नाही."